आधी विचारायचं

आबा चिडले की समजावं, आता कोणाचं तरी भलं होणार. गोड बोलून मदत करताना मी त्यांना कधी पाहिलंच नाही. मला मस्कतला कामाला नेलं तेही शिव्या घालत. नववीत शाळा सोडून मी नशिराबादला हायवेवर पंक्चर काढत होतो. आबा धुळ्याचे, मस्कतला रंगकाम करणाऱ्या आमच्या खान्देशी टोळीचे मुकादम. एका लग्नाला आले, दुकानात टेकले, माझा हात चालताना बघितला आणि खेकसले, "आठे काय सडी राह्यना तू?" म्हणजे इथे सडू नको, चल. आज माझी आई पक्क्या घरात राहते ती त्या खेकसण्यामुळे.

पहिल्यांदा विमानात बसलो तेव्हा मी एस.टी.त शिरावं तसा शिरलो आणि शेजारच्या सीटवर आबांसाठी रुमाल टाकला. ज्याची सीट होती त्या गृहस्थाने रुमाल दोन बोटांत उचलून माझ्या हातात दिला. मला वाटलं आता उतरवतात. आबांनी सगळ्यांदेखत माझी अक्कल काढली. मग त्याच गृहस्थासमोर हात जोडून उभे राहिले : पोरगं घाबरट आहे, पहिल्यांदाच बसतंय, माझी पुढची खिडकी तुम्ही घ्याल का? तो हसत उठला.

सीट बदलण्याचे आबांचे कायदे होते. उभं राहून विचारायचं, बसून घेऊन नाही. आपण देतो ती सीट घेतो तिच्याहून वाईट नको. समोरचा नाही म्हणाला तर पुन्हा तोंड उघडायचं नाही. आणि कोणाची लेकरं वेगळ्या सीटवर पडली असतील तर त्यांनी विचारलं की लगेच उठायचं. "जागा देवाले ना नही, पन इचारनं पडी," म्हणायचे. द्यायला ना नाही, पण आधी विचारा.

एकदा त्यांच्या खिडकीत एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन बसलेली, शेजारी नवरा. नवऱ्याने आबांच्या चपलांवरचे रंगाचे डाग बघितले आणि बोटानेच मागची रांग दाखवली. तुम्हा लोकांना काय, कुठेही चालतं, असंही वर म्हणाला. आबा हलले नाहीत. एअर होस्टेस आली, वाट अडली म्हणून मागचे कुरकुरू लागले, मी भीतीने आबांची बाही ओढत होतो. आबा त्या माणसाला एवढंच म्हणाले, "हाई सीट मनी शे. इचार."

तो विचारेना. शेवटी बाईच म्हणाली, "भाऊ, बाळ आजारी आहे. आम्ही इथे एकत्र बसू का?" तिचं बोलणं संपायच्या आत आबा मागे निघालेले. संडासाजवळच्या सीटवर बसून त्यांनी मस्कत येईपर्यंत नवऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मधे बाळ रडलं की मात्र मान उंच करून बघायचे.

गेल्या वर्षी आबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. कंपनीने घरी पाठवलं, सोबत मी. पण सीट मिळाल्या लांब लांब. आबांना पट्टा सोडता येत नव्हता, पेला धरता येत नव्हता, लघवीला धरून न्यावं लागायचं. त्यांच्या शेजारी, वाटेच्या कडेला एक साहेब कानांत वायरी घालून बसलेला. मी उभा राहिलो, हात जोडले. माझीही कडेचीच आहे, चार रांगा पुढे, ती घ्या म्हटलं. त्याने मोबाइलवरून नजर काढली नाही. "पैसे भरून निवडलीय मी." विमान भरलेलं होतं. एअर होस्टेसने बोलून पाहिलं, तिलाही तेच उत्तर. माझं डोकं फिरलं. त्याची कॉलर धरायला हात पुढे गेला तसे आबा वाकड्या तोंडाने म्हणाले, "नही सांगं त्यानी. जाय तू." तो नाही म्हणाला, म्हणजे पुन्हा विचारायचं नाही.

गेलो. पाणी पाजायला परत आलो तर साहेबाने गुडघासुद्धा आखडला नाही. त्याच्यावरून वाकून पाजलं, निम्मं आबांच्या शर्टावर सांडलं. लघवीला जायचंय का विचारलं तर त्यांनी मान हलवली, नको. मुंबईला उतरलो तेव्हा त्यांचा लेंगा ओला होता. साहेब नाकाला रुमाल लावून उठला आणि वरची बॅग काढून पुढे गेला. आबा सीटकडे बघत होते.

तिथून गाडी केली. मागच्या सीटवर त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर, इथे कोणाला विचारायचं नव्हतं. मी रस्ताभर त्या माणसाला मोठ्याने शिव्या देत होतो. मालेगाव मागे पडल्यावर आबांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"तू इचारं," ते सावकाश म्हणाले, "ते बरं करं." मी विचारलं, ते बरं केलं.

दीड महिन्यात आबा गेले. नाही म्हणण्याचा त्या माणसाला हक्क होता, हे त्यांच्याकडूनच शिकलोय. पण एकदा मान वळवून शेजारी कोण बसलंय ते तरी बघायचं. माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.