चार बटणांतलं एक

मी सातवी नापास. रेल्वेच्या डब्यांची वायरिंग चौतीस वर्षं केली, ती हाताने शिकून केली. साहेब लोक नकाशा उलगडून बसत, तोवर माझा पंखा फिरायला लागलेला असे. हे आधी सांगतो, कारण पुढे माझी फजिती आहे आणि मी कोणत्या तोऱ्यात होतो ते माहीत असलेलं बरं.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात एक जुना जपानी स्टिरिओ रिसीव्हर आहे. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत, बाजूला दोन मोठे स्पीकर. मुलगा लहान असताना बदली होऊन चाललेल्या एका साहेबाकडून घेतला. पुढच्या पट्टीवर सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी अक्षरं सुटी सुटी ओळखू येतात, त्यांचा शब्द होत नाही. कधी अडलंही नाही. आवाज कुठे, स्टेशन कुठे, ते पाठ होतं. खालच्या चार लहान बटणांशी आमचं कामच नव्हतं.

दोन वर्षांपासून हा रेडिओ बायकोचा झाला. तिला मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण साखरेच्या आजाराने आतला पडदाच खराब केला होता. दुसऱ्याचं डॉक्टर अजून करत नाहीत. टीव्ही गेला, पोथी गेली, तांदूळ निवडणं गेलं. राहिली दुपारची जुनी गाणी. दोन वाजता ती आपल्या हाताने रेडिओ लावायची आणि चटईवर बसून चाचपत शेंगा सोलायची. आवाज वाढवताना खुंटी खरखर करायची, तेवढं तिला आवडायचं नाही.

एका शुक्रवारी तिने लावला. दिवा लागला, आवाज नाही.

"मी काल फडक्यानं पुसलं याले," ती म्हणाली. "तवा माह्या बोटाले..."

"तू हात नको लावू," मी म्हणालो. "पुसल्यानं बिघडत नाही हे. आतलं काम आहे."

ती शेंगांचं टोपलं घेऊन आत गेली.

रविवारी समता कॉलनीतल्या आपल्या घरून मुलगा आला तेव्हा मी झाकण काढून बसलो होतो. तो इथल्या हिंदी शाळेत शिकला; मराठी समजतो, बोलतो हिंदीत.

"बाबा, छोड़ो ना इसको. अगले संडे आई के लिए छोटा स्पीकर ला देता हूँ. मोबाइल से चलेगा."

"मोबाइलची काच दिसते का तुह्या आईले?"

"मैं लगा के दूँगा ना."

"रोज दोन वाजता येशीन?"

तो हसला. "ठीक है. संडे तक आपका टाइम."

म्हणजे आठवडा माझा होता. मी कामाला लागलो. स्टेशन लागलं की काचेमागची सिग्नलची सुई उचलून येत होती, म्हणजे रेडिओ जिवंत. व्हॉल्यूमच्या मधल्या तारेला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, टेकवला की दोन्ही स्पीकर हूं करत होते, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरही जिवंत. आवाज मधेच कुठेतरी हरवत होता. मधली वायर त्या चार बटणांच्या मागे जात होती, तेही मी पाहिलं. पण ज्यांना कधी वापरलं नाही त्यांच्यात काय बिघडणार, म्हणून पुढे सरकलो. मला संशय कंडेन्सरवर. जुने झाले की ते सुकतात.

पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, दुकानात पूर्वी कंडेन्सर मिळायचे. आता तिथे मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. दुकानदार म्हणाला, "दादा, ये अब कौन पूछता है?" मी भनपुरीला गेलो, कबाड्याकडून एक मेलेला अ‍ॅम्प्लिफायर उचलला आणि त्यातले चांगले कंडेन्सर काढले. वय झालं आता. कैयाने, म्हणजे डाग द्यायच्या तापल्या सळईने, एक डाग द्यायला तीनदा दम घ्यावा लागला. चार कंडेन्सर बदलले, व्हॉल्यूमची खुंटी खोलून आत साफ केली. सुई नाचत होती, स्पीकर मुके.

तिकडे बायको दुपारी झोपायला लागली. कधी झोपत नसे. दोन वाजले की पडल्या पडल्या विचारायची, "किती वाजले?" मी सांगायचो, दोन. "बरं," म्हणून कूस बदलायची. मला ते "बरं" फार लागायचं.

शनिवारी मी हार मानली. ते तोंडाने म्हणालो नाही, फक्त झाकणाचे स्क्रू लावायला घेतले. ती फडकं घेऊन आली.

"बंदच ठेवाचं तर पुसून तरी ठेवू द्या."

मी थकलो होतो, नाही म्हटलं नाही. ती फडक्यापुढे बोट चालवत पुसते, कुठे काय आहे ते आधी बोटाला कळतं. बोट थांबलं.

"हे एक आत गेलं आहे."

"कोणतं?"

"खालच्या चारातलं तिसरं. याच्या पहिले चारही सारखे राहत. त्या दिवशी पुसताना टक् वाजलं होतं. तेच तं सांगत होती मी तुम्हाले."

मी ते दाबलं. टक्. तपासताना रेडिओ चालूच ठेवला होता, आणि आवाज पूर्ण वर नेलेला तोही तसाच राहिला होता. गाणं असं अंगावर आलं की तिच्या हातातलं फडकं पडलं.

मी आवाज कमी केला. ती चटई आणायला गेली.

रविवारी मुलगा नवा स्पीकर घेऊन आला आणि दारातच थांबला.

"अरे, चालू हो गया? क्या था इसमें?"

"बाबा भनपुरीहून सामान घेऊन आले," बायको शेंगा सोलत म्हणाली. "आठ दिवस बसले याच्यापाशी."

तिने एवढ्यावर सोडलं. मी गप्प राहिलो असतो तर ते तसंच चालून गेलं असतं, आणि एक घोट चहाचा होईपर्यंत मी राहिलोही गप्प. पण तिला बोलू दिलं असतं तर तिची एक दुपारही गेली नसती.

"त्या सामानाचा काही संबंध नाही," मी म्हणालो. "एक बटण दबलं होतं. तुह्या आईनं पहिल्याच दिवशी सांगाले घेतलं होतं, म्या ऐकलं नाही. ये इकडे. काय लिहिलं आहे खाली, वाच."

इतक्या वर्षांत मी त्याला हे पहिल्यांदाच विचारलं. तो वाकून वाचायला लागला. लाउडनेस, मोनो, टेप मॉनिटर, म्यूटिंग. तिसऱ्याचं नाव ऐकलं तेव्हा मला कळलं: ते दाबलं की रिसीव्हर रेडिओचा आवाज सोडून टेपच्या आवाजाची वाट पाहतो, आणि टेप आमच्याकडे कधी नव्हताच. बायको त्याच्यामागून एकेका बटणावर बोट ठेवून नाव म्हणत गेली. मग कपाळाची टिकली काढून तिने तिसऱ्याच्या वर चिकटवली.

"आता तुम्ही म्हणून दाखवा," ती म्हणाली. मी दोन सांगितली आणि अडलो, तिसरं मुलाने सांगितलं.

सोमवारी दोन वाजता तिने रेडिओ लावला, आवाज वाढवला आणि कान दिला.

"खरखर नाही येऊन राहिली."

"ते म्या केलं," मी म्हणालो. "खुंटी खोलून साफ केली."

"हव," ती म्हणाली, आणि शेंगांचं टोपलं माझ्याकडे सरकवलं.