बोटीवरचा ओला हात आणि तुळजाचं लग्न

"तो हात काढा, नाहीतर लग्न मोडलं समजा," यमुनाअक्का माझ्या टेबलापाशी उभ्या राहून म्हणाल्या. "असल्या बोटीवर जाणाऱ्याला मी पोर देणार नाही."

मी तेव्हा तंजावूरच्या एका तमिळ साप्ताहिकात सब-एडिटर होतो. पन्नासच्या दशकाची अखेर. आमच्याकडे भुतानं झपाटलेल्या बोटीची कादंबरी क्रमशः चालू होती. तंजावूर, पापनाशम, सगळा भाताचा मुलूख त्यावर तुटून पडे. नागपट्टणमला, जिथं खरा समुद्र आहे, तिथं अंक पडून राहत. समुद्राची भीती लांबूनच गोड लागते.

अक्का आमच्याच मराठी वस्तीतल्या. त्यांच्या तुळजाचं लग्न बोटीवरच्या वायरलेस ऑपरेटरशी ठरलं होतं. आमची घरं मोजकी. हे स्थळ गेलं तर दुसरं कुठून आणणार?

"कसला हात, अक्का?"

"वायरलेसच्या यंत्रातून ओला हात येतो नि ऑपरेटरची मान धरतो, तो!"

मालक आतून ओरडले, "हात राहू दे! सेल वाढलाय."

मालक स्वतःचा अंक वाचत नसत. मी वाचत असे, कारण प्रूफं माझ्याकडे होती. प्रूफ म्हणजे छपाईआधीची कच्ची प्रत, तिच्यावर चुका खुणवायच्या. आमच्या बोटीवर वायरलेस नव्हता. आमची बोट शिडाची होती.

अक्कांना तमिळ बोलता येई, वाचता येत नसे. दर शुक्रवारी तुळजा अंक समोर धरून त्यांना मराठीत सांगे. आमच्या घरांतून हे नेहमीचंच. डोळ्यांसमोर तमिळ, कानांवर मराठी. मधल्या वाटेत काय घडतं ते कोण तपासणार?

लेखकाशी बोलतो, असं सांगून मी अक्कांना घरी पाठवलं आणि संध्याकाळी तुळजाला देवळाच्या वाटेवर गाठलं.

"मुलगा पसंत नाही का गं?"

"पसंत आहे की, काका! फार पसंत आहे." ती रडायलाच लागली. "पण तुमचं जसंच्या तसं सांगितलं तर अम्माला झोप येते. म्हणून मी एक हात घातला. तशी अम्मा मजला चिकटून बसली. कधी बसत नाही हो ती अशी. मग पुढच्या शुक्रवारी मान धरवली."

"पण मान ऑपरेटरचीच का?"

"बोटीवरचा तेवढाच माणूस मजला ठाऊक."

मला हसू आलं, आणि पोरीची दयाही आली. म्हटलं, "हा हात आमच्या छापखान्यातला नाही, मला कापता यायचा नाही. तूच घातलास, तूच काढ."

पुढच्या शुक्रवारी तुळजाच्या ऑपरेटरनं यंत्राची वीज सोडून तो हात भाजून काढला. बोट सुखरूप बंदराला लागली. आमच्या अंकात त्या आठवड्यात नुसतं वादळ होतं. अक्का ऑफिसात येऊन म्हणाल्या, "मुलगा हुशार दिसतो की." लग्न पापनाशमला झालं. मी पोटभर जेवून आलो.

तुळजा मद्रासला गेली. आमची नवी कादंबरी सुरू झाली, तीही समुद्रावरचीच. अक्कांना आता शेजारची मुलगी वाचून दाखवी, अगदी छापल्याबरहुकूम. महिनाभरानं अक्का पुन्हा आल्या.

"लेखक बदललात काय? भूत आहे, पण भयच वाटत नाही."

"लेखक तोच आहे, अक्का."

त्यांनी हातातला अंक माझ्या टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "आता अंक नको."

मालकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, कथा उतरली. खरं कारण असं, की भूत आम्ही कितीही पुरवलं, तरी बिलगायला लेक आम्हाला पुरवता येत नव्हती.