पंधरा तारखेचं गवत

जानराव नाकेदार म्हणजे मेळघाटातल्या राखीव जंगलाच्या एका बीटाचा सरकारी रखवालदार. मूळचा तेल्हाऱ्याकडचा, कास्तकाराच्या घरातला, तोंडाचा फटकळ. पण एकोणीस वर्षांत ते जंगलच त्याचं वावर होऊन बसलं होतं. बायको जमुना म्हणायची, "मी मेली त बी हा मानूस आधी गवत पाहाले जाईन."

खोटं नव्हतं. हिवाळा सरत आला की जानराव रोज गवताची काडी बोटाला गुंडाळून बघायचा. वाकली तर थांबायचं, कट्कन तुटली तर जाळरेषा जाळायची. म्हणजे जंगलाच्या कडेचा गवताचा पट्टा आपणच आधी जाळून टाकायचा. मागून वणवा आला, तर त्याला तिथं खायला काही उरत नाही.

सरकारचा मात्र गवतावर विश्वास नव्हता. सरकारजवळ पुस्तक होतं, कधीच विलायतेला गेलेल्या एका गोऱ्या साहेबानं लिहिलेलं. त्यात लिहिलं होतं, जाळरेषा पंधरा फेब्रुवारीला जाळाव्यात, त्याआधी काडी लावील तो गुन्हेगार. साहेबाच्या काळी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळायचा, म्हणून त्याचं बरोबर होतं. पण आता पाच-सहा वर्षं पाऊस पोळ्यालाच पाठ फिरवत होता आणि संक्रांतीला गवताचा पापड होत होता.

एकसष्ट सालच्या जानेवारीत जानराव रेंजरसाहेबांपुढे उभा राहिला. कमलाकांतसाहेब अमरावतीहून नवेच आलेले, कपड्यांना कडक इस्त्री.

"सायेब, गवत वाळून गेलं. हप्त्याभरात रेषा जाळाले पायजे."

"आज तारीख काय?"

"सोळा जानेवारी."

"मग अजून महिनाभर ते ओलं आहे," साहेब म्हणाले, आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

आता बोला! जानराव सलाम ठोकून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आपल्या बीटातल्या रेषा जाळून टाकल्या. आठ दिवसांत वणवा आला. शेजारची दोन बीटं खाक झाली. जानरावच्या रेषेशी येऊन आग विझली. साहेबांनी हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपली, अर्धी मिशी होरपळली, म्हणून त्यांना शाबासकीचं पत्र आलं. जानरावला आली चौकशी, मुदतीपूर्वी राखीव जंगलात आग लावली म्हणून.

"पन माहं जंगल त जयलं नाही ना, सायेब!"

"तेच तर! जळलं नाही, मग आग तुझ्या बीटात येणार होती याला पुरावा काय?" चौकशीवाले साहेब म्हणाले.

झालं. जानरावची बदली अकोल्याच्या लाकूड डेपोत झाली.

पण सरकार अगदीच आंधळं नव्हतं बरं का. तीन बैठका झाल्या, चिवडा झाला, आणि ठरलं की हवामान बदललंय, तेव्हा जंगलाचा कारभारही बदलायला हवा. बदलला! पंधरा फेब्रुवारी खोडून पंधरा जानेवारी छापली. अन् नेमका त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत मुक्कामाला राहिला. जानेवारीत गवत हिरवंगार. नाकेदारांनी रॉकेलचे डबे ओतले, गवत नुसतं धुमसलं. अहवाल गेला, काम पूर्ण.

जुना सोबती देवमन डेपोत आला तेव्हा त्यानं हे हसत हसत सांगितलं. जानराव हसला नाही. त्यानं रेंजरसाहेबांना कार्ड टाकलं, 'गवत वाळलं की पुन्हा जाळा. हात जोडतो.' उत्तर आलं, 'दुसऱ्यांदा जाळण्याची तरतूद नाही.'

एप्रिलात डेपोत ट्रक आला. काळा पडलेला साग उतरू लागला. लाकडाच्या टोकावर हातोड्यानं ठोकलेला नंबर जानरावनं बोटानं चाचपला. त्याच्याच बीटाचा होता. नाक्यासमोरची झाडं. जमुना त्यांच्या सावलीत तांदूळ निवडत बसायची. त्याचा तळवा काळा झाला आणि डोळ्यांना धार लागली. वखारीतले हमाल बघत उभे राहिले, पण त्याला लाज वाटली नाही.

"कशानं जळालं?" टेबलावरच्या बाबूनं विचारलं.

"तारखेनं. लिवा तसं."

बाबूनं मान वर न करता 'वणवा' लिहिलं आणि म्हणाला, "हं, पुढचं लाकूड सांगा."