साय गेली कुठे?

रुग्णालयात तिला सगळे सायबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. अठरा वर्षं ती एकच काम करत होती: आयांचं दूध केसाएवढ्या बारीक काचेच्या नळीत भरायचं, यंत्रात गरगर फिरवायचं आणि वर जमलेली साय पट्टीनं मोजायची. "आपल्या चहाचं दूध कधी तपासणार?" असं नवऱ्यानं एकदा विचारलं होतं. "त्याला यंत्र कशाला, तुम्ही आणलंय म्हटल्यावर पाणीच असणार," ती म्हणाली.

त्या सोमवारी सात नंबरच्या खाटेवरून बाटली आली. बाळ मुलगी, आठव्या महिन्यात ऑपरेशन करून झालेली, दीड किलोपेक्षाही कमी. पाच दिवस वजनाचा काटा जागचा हलला नव्हता. नळीत साय जेमतेम एक मिलिमीटर. इतरांची चार-पाच असते.

डॉक्टर म्हणाले, "उद्याही हेच आलं तर पावडरचं दूध सुरू करू."

सायबाई वॉर्डात गेली तर बाळाची आई दूध काढायचा पंप बाजूला सारून बसलेली.

"माझ्या दुधात दम नाही हो, ताई."

"ऑपरेशनचं दूध ते," शेजारून सासू म्हणाली. "त्यात हिचं खाणं चिमणीचं."

"ऑपरेशननं दूध कधी कधी उशिरा उतरतं, काकू, म्हणून पातळ होत नाही," सायबाई म्हणाली. " लवकर झालेल्या बाळाच्या आईच्या दुधात प्रथिनं उलट जास्त असतात. खाण्यानं सायीची जात थोडी बदलते, माप फारसं नाही. हिनं पोटभर जेवावं, एवढंच."

"मग साय गेली कुठे? उडून?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच तो सायबाईला झोंबला. तिनं सुनेला समोर बसवून शेवटच्या थेंबापर्यंत दूध काढायला लावलं आणि नळी तिथेच भरली. पाच मिलिमीटर. पुन्हा फिरवलं. पाचच. म्हणजे घोळ पंपानंतर आणि तपासणीआधी होता. मध्ये होता फक्त नातेवाइकांच्या खोलीतला, बाटल्या ठेवायचा फ्रिज.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा उघडून त्या फ्रिजसमोरच बसली. थोड्या वेळानं सासू आली. बाटली काढली, झाकण उघडलं आणि वर आलेला पिवळसर थर चमच्यानं अलगद उचलला. चाळीस वर्षं साय काढलेला हात, एक थेंब सांडला नाही.

"काकू, हे काय?"

"चमचा उकळून घेतलाय हो," सासू म्हणाली. "एवढंसं पोर, तिला इतकं जड कसं पचायचं? घरी आजारी माणसाला मी कधी सायीसकट दूध दिलं नाही."

सायबाईनं हसू गिळलं. "ते गाईचं. हे तिच्याच मापानं बनलंय. तिचं वजन या चमच्यात जात होतं."

सासूचा चेहरा पडला. दारात सून उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, आणि पाच दिवस तुम्ही माझ्या खाण्याला नावं ठेवत होता."

सायबाई मध्येच म्हणाली, "आजपासून बाटली काकूंच्याच ताब्यात. बाळाला पाजण्याआधी हळूच गोल फिरवायची, साय मिसळेपर्यंत. असा हात वॉर्डात दुसरा नाही."

डॉक्टरांकडून तिनं तीन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी काटा हलला: पस्तीस ग्रॅम.

सायबाई ते सांगायला गेली तेव्हा सासू एका नव्या नर्सला दटावत होती.

"अगं, नीट फिरव. काचेला चिकटलीय बघ साय."