गव्हाणच्या मावशींची गाठ

दोन हजार नऊच्या सुमाराला मी पनवेलमधल्या एका छोट्या लॅबमध्ये पॅथॉलॉजिस्ट होते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी आमच्याकडे यायच्या. टेक्निशियन बाई त्या मेणाच्या ठोकळ्यात बसवून पातळ काप काढायच्या, रंगवायच्या, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून आजार कोणता ते मी लिहायचे. लॅबचे मालक स्वतः डॉक्टर नव्हते. त्यांना माझी सही हवी असायची, माझं मत असलं काय नि नसलं काय.

एका दुपारी गव्हाणच्या एका मासळी विकणाऱ्या मावशींची गाठ आली. सर्जननी त्यांचं अर्धं थायरॉइड गाठीसकट काढलं होतं आणि कागदावर लिहिलं होतं, ‘थायरॉइडचा कॅन्सर’. पुढे साधं प्रश्नचिन्हसुद्धा नव्हतं.

"सरांचा फोन होता," मालक म्हणाले. "उरलेलं अर्धं पुढच्या आठवड्यात काढायचंय. रिपोर्ट तेवढा पटकन द्या मॅडम."

मी स्लाइड लावली आणि थबकले. पेशी फिकट, दाटीनं बसलेल्या. थायरॉइडमध्ये जो गुलाबी द्राव दिसतो, तो गाठीत जवळपास कुठेच नव्हता. थायरॉइडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं हे त्यांचं काम. क्वचित एखादी थायरॉइडच्या आतच दडलेली असते, आणि तिची साधी गाठही थायरॉइडच्या कॅन्सरसारखी भासू शकते. पण नुसत्या नजरेनं मी तसं छातीठोक लिहू शकत नव्हते.

मावशी अजून दवाखान्यातच होत्या. मी चालत तिथं गेले.

"मावशी, आधी कधी मुतखडा झाला होता?"

"एकदा? तीनदा! नि हाडं अशी ठणकायची, पाटी उचलवत नव्हती. वय झालं बोलले सगले."

"आणि आता?"

"हाडं गप झाली हायत. पन ओठाला नि बोटांना मुंग्या येतात."

उशाखालच्या पिशवीतून त्यांनी जुने कागद काढले. मुतखड्याच्या वेळच्या एका रिपोर्टात कॅल्शियम चांगलंच वाढलेलं होतं. त्याकडे कुणीही लक्ष दिलं नव्हतं. मी सिस्टरना ताबडतोब कॅल्शियम तपासायला सांगितलं. ते खाली आलं होतं. पॅराथायरॉइडची गाठ रक्तातलं कॅल्शियम वाढवते, मुतखडे नि हाडदुखी त्यातूनच होते, आणि ती काढली की ते असं एकदम घसरतं. उपचार सुरू झाले, पण सर्जन म्हणाले, ऑपरेशननंतर होतं असं कधी कधी.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. "डॉक्टर, या गाठीचे मार्कर करायला हवेत. थायरॉइडचा वेगळा, पॅराथायरॉइडच्या हार्मोनचा वेगळा. ज्या पेशीत तो पदार्थ असेल तीच तपकिरी होते. मुंबईत करून मिळतात."

"मी वीस वर्षं गळे कापतोय," ते म्हणाले. "तुम्हाला समजत नसेल तर तसं सांगा. दुसऱ्या कुणाला दाखवतो."

"जरूर दाखवा. पण माझ्या सहीनं कॅन्सरचा रिपोर्ट जाणार नाही."

लॅबमध्ये परत येईपर्यंत मालकांना फोन पोचला होता. ब्लॉक, म्हणजे गाठीचा तो मेणाचा ठोकळा, लॅबचा आहे, बाहेर जाणार नाही, असं त्यांनी बजावलं. मी पुन्हा मावशींकडे गेले आणि सगळं सरळ सांगितलं. कॅन्सर असेलही, नसेलही, पण हे कळायच्या आधी दुसरं ऑपरेशन नको.

मावशी उठून बसल्या. "गाठ माजी हाय, त्यांची नाय. कागद आन, लिवून देते. नि दुसऱ्या आपरेशनवर मी सही करनार नाय, जा सांग त्यांना."

त्यांचा अर्ज मी मालकांच्या टेबलावर ठेवला, मेणाचा ठोकळा डबीत घातला आणि एसटीनं स्वतः मुंबईला नेऊन दिला. ते आठ दिवस लॅबमध्ये माझ्याशी कुणी धड बोललं नाही. मलाही रोज वाटायचं, चुकले तर? चुकले असते तर तेही त्याच रिपोर्टात लिहिलं असतं.

स्लाइड आल्या. थायरॉइडच्या मार्करला कडेची निरोगी थायरॉइडची पट्टी तेवढी तपकिरी झाली होती, गाठ कोरी. हार्मोनच्या मार्करला गाठ अख्खी तपकिरी. ती पॅराथायरॉइडचीच होती. मी सगळे काप पुन्हा बघितले. गाठ आजूबाजूला कुठंही घुसलेली नव्हती. ‘पॅराथायरॉइडची साधी गाठ, कॅन्सर नाही,’ असं लिहिलं आणि सही केली.

दुसरं ऑपरेशन रद्द झालं. सर्जन मावशींना म्हणाले, "मला वाटलंच होतं."

"मंग कागदावर तसं का नाय लिवलं?" मावशींनी सगळ्या वॉर्डासमोर विचारलं.

लॅबकडे सर्जनच्या केसेस यायच्या बंद झाल्या. "एकदा जाऊन सॉरी म्हणा," मालक म्हणाले. कशाबद्दल, ते मात्र त्यांना सांगता येईना. महिनाअखेरीला मी राजीनामा दिला. कामोठ्यात एका क्लासच्या वरची खोली घेतली आणि माझा स्वतःचा सूक्ष्मदर्शक मांडला. सुरुवातीला आठवडा आठवडा एकही केस नसायची.

मावशी दवाखान्यात तपासणीला आल्या तेव्हा लॅबमधून आपल्या स्लाइड मागून घेऊन माझ्या खोलीवरही आल्या, आणि मी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची गाठ दाखवली. एक डोळा मिटून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"एवढीशी? नि मना तीन वर्सं झोपवलं हिनं! त्या डॉक्टराला दाखवली कं?"

"ते कशाला येतील माझ्याकडे?"

"तो नाय येत तर तू जा."

दुसऱ्याच दिवशी मी स्लाइडचे फोटो घेऊन गेले. त्यांनी तासभर बाहेर बसवून ठेवलं. मी बसले. आत गेल्यावर फोटो टेबलावर मांडले आणि म्हटलं, "पुढच्या पेशंटचं कॅल्शियम आधी बघा, डॉक्टर." त्यांनी मान वर केली नाही. पण फोटो बाजूलाही सारले नाहीत.