घरच्याला पहिली ऑफर

माणूस शिकतो, नोकरीला लागतो, लग्न करतो, घर बांधतो, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती साफ चुकीची आहे. माणूस आयुष्यात कुठेही पोहोचतो तो दोनच वाटांनी: एक तर त्याला कुणीतरी ड्राफ्टमध्ये निवडतं, नाहीतर तो फ्री एजंट म्हणून येतो. तिसरी वाट देवाने ठेवलेलीच नाही. हा सिद्धान्त माझ्या विंडसरच्या घरमालकांचा, आणि त्यांच्या बेसमेंटमध्ये मी दोन वर्षं काढल्यामुळे तो मला परवचा म्हणावा तसा पाठ आहे.

घरमालक मूळचे वसईचे, केळीच्या वाडीतले. तरुणपणी कॅनडात आले, मोटारींच्या कारखान्यात तीस वर्षं गाड्यांना दरवाजे बसवले आणि रिटायर झाले. नदीपलीकडे अमेरिका. तिथल्या फुटबॉलच्या संघात यांचा जीव अडकलेला. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून एकाने पळायचं आणि बाकीच्या दांडग्यांनी त्याच्या अंगावर पडायचं, तो. संघाचं नाव ते कधी घेत नसत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, तसे हे नुसतं 'आपले' म्हणत. गंमत अशी की त्यांना सामन्यांत रस नव्हता. सामना रंगात आला की हे उठून भांडी घासायला लागत. त्यांचा मोसम सुरू व्हायचा सगळे सामने संपल्यावर. मार्चात फ्री एजन्सी, म्हणजे करार संपलेले खेळाडू हव्या त्या संघाकडे जायला मोकळे होतात तो बाजार. आणि एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या पोरांना सगळ्या संघांनी पाळीपाळीने निवडायचं, तीन दिवस, सात फेऱ्या. "मॅच काय, कोण पण बघेल," ते म्हणत. "टीम बांधताना बघायला पायजे."

आणि टीम कशी बांधावी हे जगात फक्त त्यांना कळत होतं. "बघ बाय," ते मला समजावत, "बाजारातून केळ्याचा घड आणला की चार दिवस घर भरल्यासारखं वाटतं. पाचव्या दिवशी तो काळा पडतो. ती फ्री एजन्सी. मुनवा लाव, पाणी घाल, वर्षभर वाट बघ. तो ड्राफ्ट." मुनवा म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं पिल्लू, मी सोलापूरची, मला ज्वारी कळते, मुनवा त्यांच्याकडून कळला. फ्री एजन्सीच्या पहिल्या दिवशी संघ वेड्यासारखी बोली लावतात, म्हणून त्या दिवशी निषेध म्हणून हे काहीच विकत घेत नसत. ग्रोसरी नाही, पेट्रोल नाही, कोपऱ्यावरच्या दुकानातली कॉफीसुद्धा नाही. एका वर्षी नेमकं दूध संपलेलं होतं. दिवसभर काळा चहा पिऊन ते मला बजावत राहिले, "पहिल्या दिवशी फक्त गाढवं शॉपिंग करतात." मी त्याच दिवशी टूथब्रश आणला होता. तो दोन दिवस बॅगेत लपवून ठेवला.

त्यांचा दुसरा नियम: गरज बघून निवडू नका, माणूस बघून निवडा. हा नियम त्यांनी भाडेकरूंनाही लावला होता. त्यांना खरं तर गाडी चालवणारा आणि फावड्याने दारातला बर्फ काढणारा कुणीतरी हवा होता. तसे दोघेतिघे आलेही होते. मला विंडसरला शिकायला यायचं होतं. मी सोलापुरात बसून फोन केला, तर यांनी भाड्याचं बोलायच्या आधी विचारलं, "शाळेत सगळ्यात कमी मार्क कशात?" मी म्हटलं, चित्रकलेत. "मग काय केलं?" "रडले. मग परत काढलं."  ते म्हणाले, "ये." मला गाडी येत नव्हती आणि बर्फ मी फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिला होता. पहिल्याच हिमवर्षावात मी आमच्या दारातला सगळा बर्फ मन लावून शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेमध्ये ढकलला. शेजारी लालबुंद होऊन आला. घरमालकांनी त्याला कॉफी दिली आणि इंग्रजीत सांगितलं की हिचं पहिलं वर्ष आहे, खेळाडूला पहिल्या वर्षावरून जोखू नये.

ड्राफ्टमध्ये आपली वरची पाळी दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून खालच्या दोन पाळ्या घ्याव्यात, असंही त्यांचं एक मत होतं. चर्चच्या मराठी मंडळींच्या जेवणात ते रांगेत पुढे असायचे, तिथून ते आपली जागा मागच्या माणसाला देऊन त्याच्याकडून दोन वाट्या खीर कबूल करून घेत. खीर मिळायची. पण ताट घेऊन पोहोचेपर्यंत विंदालूच्या पातेल्यात नुसता रस्सा उरलेला असायचा. तो भाताबरोबर कालवत ते मला म्हणत, "लाँग टर्ममध्ये फायदा असतो."

एक मत मात्र ते हसत सांगत नसत. पहिल्या फेरीत कुणाला घ्यायचं? पळणाऱ्याला नाही, ज्याचे फोटो छापून येतात त्याला नाही. चेंडू फेकणारा उजव्या हाताने फेकायला वळतो तेव्हा त्याला डावीकडचं दिसत नाही. त्या न दिसणाऱ्या बाजूला एक धिप्पाड गडी उभा असतो, येणारा मार स्वतःच्या अंगावर घेतो, आणि त्याचं नाव कुणालाही माहीत नसतं. "आधी तो घ्यायचा," ते म्हणाले आणि टीव्हीशेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीच्या पाठीवर बायकोची लोकरी शाल होती. त्या जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. "ती पोझिशन नंतर भरता येत नाही, बाय. मार्केटमध्ये नसतेच."

मुलगा कॅलगरीला होता. ख्रिसमसला आणि ईस्टरला त्याचा फोन यायचा. नातवंडं इंग्रजीत हॅलो म्हणायची, हे हवामान विचारायचे, तिकडे उणे किती ते कळायचं, फोन संपायचा. भांडण वगैरे काही नव्हतं. मी एकदा भोचकपणे विचारलंच, तो इथेच का नाही राहिला? ते पावाला लोणी लावत होते. "चूक माझी," म्हणाले. "पयला नियम काय? बाजार उघडायच्या आधी घरच्याला ऑफर द्यायची. बाहेरचे नंतर. त्याचं कॉलेज संपलं, तिकडून नोकरी आली. तो आठ दिवस या किचनमध्ये घुटमळत होता. मी काय बोललोच नाय. मला वाटलं, घरचाच आहे, जातोय कुठे." लोणी लावून झालं होतं, तरी सुरी फिरत राहिली.

२०१७ च्या एप्रिलमध्ये ड्राफ्टचा तिसरा दिवस मी त्यांच्याबरोबर पाहिला. शनिवार होता. पहिल्या दिवशी सूट घालून येणारी पोरं, दिवे, रडणाऱ्या आया. ते सगळं ते बघतही नसत. त्यांचा दिवस तिसरा, जेव्हा कुणी नावही न ऐकलेली पोरं खालच्या फेऱ्यांत निवडली जातात. संध्याकाळी शेवटचं नाव पुकारलं गेलं आणि त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "आता खरी वेळ. ज्यांना कोणीच निवडलं नाय ते सगळे आता फोन घेऊन घरी बसलेत. ड्राफ्ट संपला की ते मोकळे. कुठल्या पण टीमचा फोन येऊ शकतो. सगळ्यात चांगला माणूस कधी कधी ह्या तासात मिळतो."  मग ते भिंतीवरच्या त्यांच्या जुन्या लँडलाइनकडे बघत बसले. मीही बघायला लागले. आणि खरोखर फोन वाजला! ते केवढ्या घाईने उठले. फोन हीटिंगच्या नळ्या साफ करून देणाऱ्या कंपनीचा होता. एरवी असल्या फोनवर लोक शिव्या देतात. हे दहा मिनिटं बोलले. त्या माणसाचं गाव विचारलं, नोकरी नवी का विचारलं, त्याला शुभेच्छा दिल्या. मी खाली येऊन घासलेलीच भांडी परत घासत बसले, कारण मला रडायला येत होतं.

पुढच्या मार्चात मला हॅमिल्टनच्या एका हॉस्पिटलात नोकरी मिळणार असं दिसायला लागलं. पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, हवा तर ती धरणं भाग होतं. मी वर जाऊन सांगितलं. ते "गुड, गुड" म्हणाले. दुसऱ्या दिवशी बेसमेंटच्या दाराखालून एक कागद आत आला. सुवाच्य अक्षरात: 'ऑफर. मुदत दोन वर्षं. भाडं आहे तेच. वॉशिंग मशीन शनिवारीही. बर्फ मी काढीन. तिसऱ्या वर्षाचा निर्णय खेळाडूचा.' खाली त्यांची सही, आणि माझ्या सहीसाठी एक रेघ.

मी तो कागद घेऊन वर गेले.  त्यांनी माझा चेहरा वाचला. "बाय, तू सही करणार नाय, मला माहीत आहे," म्हणाले. "पण ह्या वेळी मी ऑफर दिली. नाय दिली असं नको." मी म्हटलं, "अंकल, ही ऑफर चुकीच्या दारातून आत आलीय. कॅलगरीला पाठवा." "त्याची फ्री एजन्सी कधीच संपली," ते म्हणाले. "तो आता दुसऱ्या टीमचा कॅप्टन आहे." आणि भांडी घासायला उठले.

माझी बस नेमकी ड्राफ्टच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी होती. निघण्याआधी मी एक आगाऊपणा केला. फ्रिजवर मुलाचा नंबर चिकटवलेला होता, तो टिपून घेतला आणि बसमध्ये बसल्यावर मेसेज केला: 'मी तुमच्या डॅडींच्या बेसमेंटमध्ये राहत होते. ड्राफ्ट संपला की ते तासभर फोनजवळ बसतात. दरवर्षी.' उत्तर आलं नाही. संध्याकाळी हॅमिल्टनच्या नव्या खोलीत मी पिशव्यांवर बसलेली असताना माझाच फोन वाजला. "ड्राफ्ट संपला," पलीकडून आवाज आला. "तुला कोणी निवडलं नाय ना? मग आता तू मोकळी. पयला फोन माझा, लक्षात ठेव." त्या अनोळखी गावात त्या दिवशी माझ्याशी बोललेला तो एकमेव माणूस.

पुढच्या वर्षी मी ठरवून तीच वेळ गाठली. शेवटचं नाव पुकारल्याबरोबर फोन लावला. लाइन एंगेज. पाच मिनिटांनी परत एंगेज. मी नळ्या साफ करणाऱ्यांना मनातल्या मनात लाखोली वाहिली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. नळ्यांबद्दल कुणी इतकं बोलत नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या तासाबद्दल जगात माझ्याशिवाय फक्त एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि त्याला ते मीच सांगितलं होतं.

पाऊण तासाने त्यांचाच फोन आला. आवाज जरा बसलेला होता, सर्दी झाल्यासारखा. "सॉरी हां बाय," म्हणाले, "ह्या वर्षी तू दुसरी. तुझ्या आधी घरच्याचा फोन आला."

मी म्हटलं, नियमच आहे तसा. फोन ठेवल्यावर मला इतका आनंद झाला होता की तो कुणाला तरी सांगावासा वाटला. खोलीभर पाहिलं, आणि मग एकटीपुरता भात लावला.