आवाजाची सुट्टी

लेक्चरच्या मध्येच माझा आवाज गेला, तेव्हा मी पहिल्या वर्षाच्या मुलांना एका कादंबरीचा शेवट समजावून सांगत होते. घसा खाकरला, पाणी प्यायले, पुन्हा तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. मुलांना वाटलं, मला गहिवरून आलंय. पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणाली, "इट्स ओके, टेक युअर टाइम."

तसा आवाज काही महिन्यांपासून बसतच होता. मी त्याचं खापर कामावर फोडत होते. वसईच्या कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा वर्गात माइक नव्हता आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचायचं तर पोटातून बोलावं लागायचं. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे मेलबर्नला आलो. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी पीएचडी केली आणि मग बरीच वर्षं तासांच्या बोलीवर ट्युटोरियल्स घेतली. सुरुवातीला माझे उच्चार ऐकून मुलं "सॉरी?" म्हणायची. मला वाटायचं त्यांना ऐकू आलं नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने बोलायचे. असं मोठ्याने बोलत बोलतच मी नोकरीत कायम झाले आणि शेवटी प्रोफेसर झाले. वर्गात जरा शांतता पसरली की मला सहन व्हायची नाही. प्रश्न मी विचारायचे आणि कोणी तोंड उघडायच्या आत उत्तरही मीच द्यायचे.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून पाहिलं. डाव्या स्वरतंतूवर गाठ होती.

"काढून तपासायला पाठवू," त्या म्हणाल्या. "शिक्षकांना बऱ्याचदा असं होतं. पण तपासल्याशिवाय मी काही सांगणार नाही."

माझे पप्पा घशाच्या कॅन्सरने गेले होते. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर मी नवऱ्याकडे पाहिलं, तर त्याच्याही डोक्यात तेच होतं. आमचं उपनगर, टार्निट, जवळ येईपर्यंत तो फक्त ट्रॅफिकबद्दल बोलला. फ्रीवेवरून उतरताना म्हणाला, "पोरीला सांगायचं का?"

"तिची परीक्षा होऊ दे," मी म्हणाले.

मुलगी युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती. तिला आम्ही एवढंच सांगितलं, की छोटंसं ऑपरेशन आहे, नो वरीज.

ऑपरेशन नीट झालं. त्यानंतर आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, अशी ताकीद मिळाली. घरी बसले असते तर रिपोर्टशिवाय दुसरं काही सुचलं नसतं. म्हणून अंगात ताकद आल्यावर मी ट्युटोरियल घ्यायला गेले. फळ्यावर लिहिलं, 'माझा आवाज सुट्टीवर आहे. आज तुम्ही बोला.' त्याखाली कादंबरीवरचा एक प्रश्न लिहिला आणि खुर्चीत बसले.

कोणी बोलेना. मुलं फळ्याकडे बघत होती, मग फोनकडे. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. फार वेळाने मागून एक मुलगा म्हणाला, "मला हे पुस्तक आवडलंच नाही."

एरवी मी त्याला ते का आवडायला हवं हे समजावलं असतं. ते शक्य नव्हतं, म्हणून मी फक्त मान हलवली. तो बोलत राहिला. कादंबरीतल्या बाईचं पात्र त्याला खोटं वाटत होतं. दुसरी एक मुलगी त्याच्यावर उखडली. ती सेमिस्टरभर माझ्यासमोर अवाक्षरही बोलली नव्हती. मग वर्ग असा पेटला की बाहेरून जाणाऱ्या सहकाऱ्याने काचेतून डोकावून पाहिलं. एकाने धडधडीत चुकीचं विधान केलं, ते कोणीच दुरुस्त केलं नाही, आणि तरी काही बिघडलं नाही.

रिपोर्टचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. नवरा ऑफिसातून अजून यायचा होता. नंबर दवाखान्याचा आहे हे दिसलं आणि मग लक्षात आलं, मला बोलता येत नाही. मी धावत जाऊन मुलीला स्वयंपाकघरात आणलं आणि फोन तिच्या हातात दिला.

"मम बोलू शकत नाही, मी तिची मुलगी," ती इंग्रजीत म्हणाली आणि तिने स्पीकर लावला.

"तुझ्यासमोर सांगू का, हे मला तिच्याकडून कळायला हवं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चालणार असेल तर तिला दोनदा टकटक करायला सांग."

माझ्या हातात उलथनं होतं. मी ते ओट्यावर दोनदा आपटलं. पलीकडून हसल्याचा आवाज आला.

"गाठ साधी आहे. कॅन्सर नाही."

मी तिथेच स्टुलावर बसले. मुलीने आभार मानून फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "कॅन्सर? हू सेड एनीथिंग अबाउट कॅन्सर?" माझे डोळे वाहत होते. तिने गॅस बंद केला. "लाइक ग्रँडपा?" मी होकारार्थी मान हलवली. "डॅडला माहीत होतं?" मी पुन्हा मान हलवली.

"धिस इज सो अनफेअर," ती म्हणाली. "मला भांडायचंय आणि तू उत्तरही देऊ शकत नाहीस." मग तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तीही रडली.

नवऱ्याला फोन तिनेच केला. तो ट्रेनमध्ये होता. गाडीच्या घरघरीत तिला तेच दोनदा सांगावं लागलं. मग तो म्हणाला, "बरं झालं. येताना तळायला बारामुंडी आणू का?"

आवाज नंतर परत आला, थोडा जाड होऊन. अजूनही मी शिकवते, लेक्चरला माइक लावते. पण त्या संध्याकाळी आवाज नव्हता. नवऱ्याने मासे तळले आणि कधी नव्हे तो जेवताना ऑफिसातल्या भानगडी सांगत सुटला, कोणाचं कोणाशी बिनसलं, नवा मॅनेजर कसा आहे. मुलगी त्याला मधेमधे प्रश्न विचारत होती. मी काटे काढत, पोटभर जेवत ऐकत होते.